पॉलिश केलेली बोट महिन्याभरात पुन्हा कळाहीन का दिसते?

बोट धुतली, मशीनने घासून बफिंग झालं, वॅक्स मारलं, पैसे चुकते केले. महिना उलटतो न उलटतो तोच बाजू पुन्हा पांढरट, पाण्याच्या रेषेवर पिवळी-तपकिरी मिशी, रेलिंगच्या पायथ्याशी गंजाचे ओघळ. गोव्यात मांडवी नदीत आणि शापोऱ्याच्या बाजूला फायबरच्या बोटी साफ करण्याचं काम मी करतो, आणि दर हंगामात ही तक्रार माझ्या कानावर येते. मालक बहुतेक वेळा एकच निष्कर्ष काढून बसलेले असतात: माल हलका वापरला किंवा कामगाराने हात चोळला नाही. कधी कधी ते खरंही असतं. पण डाग परत परत येतो तेव्हा बहुधा डाग निघालेला असतो आणि कारण जागेवरच राहिलेलं असतं. आणि ‘बोट खराब दिसते’ या एका तक्रारीत चार-पाच वेगवेगळे डाग असतात. एकाचा इलाज दुसऱ्याला वाढवतो. म्हणून बादली भरण्याआधी कुठला डाग आहे ते ओळखायचं.

पांढरटपणापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो.

फायबरच्या बोटीची चकाकी असते ती जेलकोटची. हा पॉलिएस्टर रेझिनचा वरचा थर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. उन्हातले अतिनील किरण, मीठ आणि दमट हवा यांनी तो वरून कुजत जातो, त्याला बारीक छिद्रं पडतात आणि चुन्याच्या भिंतीसारखा तो हाताला लागायला लागतो. काळं सुती फडकं घेऊन बाजूवर जोर देऊन एकदा ओढा. फडक्यावर पांढरी भुकटी आली तर हेच दुखणं. दुसरी खूण: तळहाताएवढी जागा ओली करा. ओली असताना मूळचा निळा किंवा लाल रंग खुलून दिसला आणि वाळल्यावर पुन्हा फिका पडला, तर रंग शाबूत आहे, वरचा थर मेला आहे.

आता हा मेलेला थर खरवडून काढायचा असतो. त्याला कंपाउंडिंग म्हणतात, ते कष्टाचं आणि वेळखाऊ काम आहे. ते टाळायचं असेल तर बाजारात तेलकट, सिलिकॉन असलेली पॉलिशं मिळतात. ती त्या बारीक छिद्रांत भरून बसतात आणि बोट संध्याकाळी आरशासारखी दिसते. मालक खूश, कामगार मोकळा. मग आठ-दहा वेळा खाऱ्या पाण्याचे फवारे बसतात, वरून ऊन तापतं, तेल उडून जातं आणि खालचा खडू पुन्हा वर दिसतो. बोट नव्याने खराब झालेली नसते, ती आधीचीच दिसायला लागलेली असते.

हे पकडायची सोपी युक्ती आहे. बफिंग झाल्यावर, पण वॅक्स लावण्याआधी, कामगाराला सांगा की आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून एका पट्ट्यावर फडकं मार. तेल निघून जातं. त्यानंतरही चमक टिकली तर काम खरं झालंय. पट्टा फिका पडला तर कंपाउंडिंग अपुरं आहे, आणि त्यावर कितीही महाग वॅक्स चढवा, महिन्याभरात तुम्ही परत फोन करणार. शिवोलीच्या एका गिऱ्हाइकाने हे करून दाखवल्यावर मला विचारलं, “म्हणजे दादा, इतकी वर्षं मी तेलाचे पैसे देत होतो?” त्याच्या गडद निळ्या बोटीवर तो पट्टा लांबूनही दिसत होता. गडद रंगाच्या बोटींचं हे जास्तच लवकर उघडं पडतं. पांढऱ्या बोटीवर खडू लपतो, एवढंच.

कंपाउंडिंग करताना दोन गोष्टी बघाव्यात. एक, ऊन. दुपारी तापलेल्या बाजूवर कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, लगेच सुकतं आणि मशीन नुसतं भाजत राहतं. सकाळी लवकर किंवा सावलीत केलेलं कामच नीट बसतं. दुसरं, कडा आणि कोपरे. तिथे जेलकोट आधीच पातळ असतो. मशीन जरा रेंगाळलं की खालचं फायबर दिसायला लागतं, आणि ते पॉलिशने भरून येत नाही. अर्धा मिलिमीटर ही ठेव आहे, दर खेपेला तिच्यातून काढलं जातं. म्हणून दर तीन महिन्यांनी कंपाउंड मारून घेणाऱ्या मालकांना मी नको म्हणतो. नीट एकदा कंपाउंड, मग पॉलिश, मग वॅक्स किंवा पॉलिमर सीलंट, आणि पुढे फक्त वॅक्सचा थर राखत जायचा. पाणी बाजूवर मण्यांसारखं उभं राहायचं थांबलं की वॅक्सची वेळ झाली. कॅलेंडर बघायची गरज नाही.

ट्रेलरवर ठेवलेल्या बोटीची एकच बाजू सारखी पांढरी पडत असेल तर ती कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते बघा. गोवा साधारण १५ अंश अक्षांशावर. पावसाळा संपल्यापासून उन्हाळा लागेपर्यंत सूर्य दक्षिणेकडूनच जातो, म्हणून दक्षिणेकडची बाजू जास्त भाजते. मधूनमधून ट्रेलर फिरवून ठेवला तरी फरक पडतो. नदीत नांगरावर असलेली बोट भरती-ओहोटीबरोबर स्वतःच फिरते, तिला हा त्रास कमी.

पाण्याच्या रेषेवरची मिशी

नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, सुरू होऊन दोन्ही बाजूंनी मागे जाणारा पिवळा-तपकिरी पट्टा. गोव्यातल्या नद्यांत हा डाग पडणारच, आणि त्याची दोन कारणं आपल्या मातीतच आहेत. चोडणच्या, कुंभारजुव्याच्या खाडीतली खारफुटी पानं गाळते, त्यांतून टॅनिन पाण्यात उतरतं. आणि आपल्याकडची जमीन जांभ्याची, तिच्यातून लोह वाहून येतं. लोह आणि टॅनिन एकत्र आले की गडद रंग तयार होतो. पूर्वी लिहायची शाई याच रसायनावर बनवत. शाईचा डाग साबणाने जात नाही, तसा हाही जात नाही. घासणीने घासून तर जेलकोटला ओरखडे पडतात आणि पुढच्या खेपेला डागाला धरायला जास्त जागा मिळते.

यावर ऑक्झॅलिक ॲसिड चालतं. ते लोहाला धरून विरघळवतं. बाजू आधी ओली करायची, जेलसारखं दाट द्रावण लावायचं, काही मिनिटं थांबायचं, सुकू द्यायचं नाही, आणि भरपूर पाण्याने धुवायचं. मग खायच्या सोड्याच्या पाण्याचा एक हात, म्हणजे उरलंसुरलं ॲसिड निवतं. हातमोजे आणि चष्मा हवाच, हे विषारी आहे. आणि त्याच दिवशी, त्याच बादलीत, त्याच फडक्याने ब्लीचिंगचं काही करायचं नाही. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद केबिनमध्ये तो जीवावर बेतू शकतो.

डाग जातो, बोट पांढरी दिसते. मग तो तीन आठवड्यांत का परत येतो? कारण ॲसिडने डागाबरोबर तिथलं वॅक्सही नेलेलं असतं. उघडा जेलकोट पुन्हा त्याच पाण्यात उतरतो, डाग आणखी लवकर बसतो, मालक आणखी लवकर ॲसिड मागवतो. हे चक्र मी कितीतरी बोटींवर बघितलंय. मिशी काढल्यावर त्या पट्ट्यावर वॅक्स लावल्याशिवाय बोट पाण्यात सोडायची नाही. ओहोटीला बोट रेतीवर टेकवून काम करणाऱ्या डॉल्फिन ट्रिपवाल्यांकडे वेळ कमी असतो, हे मला माहीत आहे. पण भरती चढायच्या आत अर्धाच पट्टा होत असेल तर अर्धाच साफ करा आणि त्या अर्ध्यावर वॅक्स पूर्ण करा. उरलेला दुसऱ्या ओहोटीला.

तरीही परत येते? मग बोट तिच्या रेषेपेक्षा खाली बसत असेल. हे कारण फार कमी लोक तपासतात. बोट नवी असताना ज्या ठिकाणी पाणी टेकायचं, त्याच्या थोडं वर अँटिफाउलिंग रंगाची, म्हणजे तळाला शिंपले-शेवाळ धरू न देणाऱ्या रंगाची, कड असते. मग वर्षागणिक बोटीवर सामान वाढतं. जास्तीची बॅटरी येते, बर्फाची पेटी, मोठं इंजिन, लाइफ जॅकेटांनी भरलेले खण. बोट हाताच्या दोन-तीन बोटांइतकी खाली बसते, आणि जो जेलकोट हवेत असायला हवा तो कायम पाण्यात राहतो. त्याला कितीही चोळा, मिशी फुटणारच. एका बोटीची मिशी फक्त मागच्या अर्ध्या भागात यायची, पुढे नावालाही नाही. बघितलं तर मागे पाण्याची दुसरी टाकी बसवलेली होती.

तपासायचं असं: डिझेल-पाणी भरून, रोजचं सगळं सामान चढवून, वारा नसताना सकाळी बोट शांत पाण्यात उभी करा. पाणी जिथे टेकतं तिथे चारी बाजूंनी टेपचे तुकडे लावून खूण करा. बोट वर काढल्यावर अँटिफाउलिंगची कड त्या खुणेच्या पाच ते सात सेंटिमीटर वर असली पाहिजे. खाली असेल तर रंगाची कड वर न्या, किंवा सामान उतरवा. क्लीनिंगवाल्याला दर महिन्याला बोलावण्यापेक्षा हे एकदा करणं स्वस्त.

मिशीचा रंगही नीट बघा. पिवळी-तपकिरी असेल तर वर सांगितलं ते. हिरवी आणि बुळबुळीत असेल तर शेवाळ, ते साबण आणि मऊ ब्रशने जातं. पांढरी गोल गोल वर्तुळं राहिली असतील तर खरवडून काढलेल्या बार्नकलांचे (तळाला चिकटणाऱ्या कवचाच्या जिवांचे) चुन्याचे पाये ते, व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडने मऊ होतात. आणि मागच्या बाजूला, धुराच्या नळीभोवती काळी, तेलकट असेल तर ती काजळी. तिच्यावर ऑक्झॅलिक वाया घालवू नका, ग्रीस काढणारा साबण घ्या. काजळी चार दिवसांत परत येत असेल तर क्लीनरला नव्हे, मेकॅनिकला बोलवा. इंजिनवर ताण येतोय, हवेचा फिल्टर तुंबलाय किंवा इंजेक्टर नीट फवारत नाहीत. कित्येकदा तळाला आणि इंजिनच्या पाण्यातल्या पंख्याला शिंपले धरलेले असतात, बोट ओढून नेताना इंजिन दमतं आणि काळा धूर सोडतं. तळ साफ झाला की मागची बाजूही स्वच्छ राहते.

गंजाचे ठिपके

पांढऱ्या डेकवर लाल तिखट शिंपडावं तसे बारीक ठिपके, आणि आसपास लोखंडाची एकही वस्तू नाही. मालक चक्रावतात. मांडवी आणि जुवारीच्या काठाने, कुठ्ठाळी-रासईकडे वगैरे, बार्ज (माल वाहणाऱ्या सपाट बोटी) बांधायचे आणि दुरुस्तीचे कारखाने आहेत. तिथे ग्राइंडर चालतो, लोखंडाचे तापलेले कण वाऱ्याबरोबर उडतात आणि जेलकोटवर चिकटून बसतात. दमट हवेत दोन दिवसांत गंजतात. ठिपके एकाच बाजूला जास्त असतील तर त्या दिशेला कोण काम करतंय बघा. ऑक्झॅलिक इथेही चालतं, किंवा लोहाला लागल्यावर जांभळा होणारा आयर्न रिमूव्हर. आधी रसायनाने कण काढायचे, नंतरच बफिंग. उलट केलं तर कण पॅडमध्ये अडकून सगळ्या डेकवर फिरतात. आणि जेटीवरच्या शेजाऱ्याशी बोलून ठेवा. तो ग्राइंडर लावणार असेल त्या दिवशी बोटीवर चादर टाकणं जमतं. मुरगाव बंदराच्या आसपास, वास्कोकडे, काळी भुकटी पडते ती कोळशाची. ती आधी पाण्याच्या धारेने उतरवायची, फडक्याने पुसायची नाही, नाहीतर तीच पॉलिश पेपरचं काम करते.

घरातली तारेची घासणी बोटीवर चढू देऊ नका, ही माझी सगळ्यांना हात जोडून विनंती. ती लोखंडाची बारीक तुसं मागे सोडते. आज भांडं लखलखतं, परवा त्याच जागी गंज. रेलिंगच्या स्टीलवर तर हे हमखास होतं, आणि मग लोक म्हणतात की स्टील खोटं निघालं.

स्टील खोटंही असू शकतं. समुद्रावर ३१६ ग्रेडचं हवं, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाच्या पाण्यात टिकतं. ३०४ दिसायला तसंच, पण खाऱ्या हवेत तपकिरी पडतं. रेलिंग चांगलं असतं आणि स्क्रू बदलताना कोणीतरी हार्डवेअरच्या दुकानातून साधे आणलेले असतात, असं बरेचदा निघतं. ओघळ नेमका स्क्रूच्या डोक्याखालून सुरू होत असेल तर स्क्रू बदला. चुंबक लावून पारख करू नका, वाकवलेलं-ओढलेलं ३०४ सुद्धा थोडं चुंबकाला धरतं. ओघळ पायथ्याच्या प्लेटखालून येत असेल तर प्लेट उचलून, खालचं जुनं सीलंट काढून, नव्याने बसवल्याशिवाय तो थांबणार नाही. तिथे अडकलेल्या खाऱ्या पाण्याला प्राणवायू मिळत नाही आणि स्टील आतल्या आत खाल्लं जातं. शौचालय साफ करायचं ॲसिड मात्र बोटीवर आणूच नका. त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड पांढरं झटपट करतं खरं, पण स्टीलला खड्डे पाडतं आणि ॲल्युमिनियम खातं.

ज्या पाण्याने धुता ते पाणी

धुतल्यावर बोट उन्हात वाळली आणि पांढरे ठिपके उमटले, तर दोष पाण्याचा. किनाऱ्यालगतच्या विहिरी आणि बोअरवेल एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. त्याच पाण्याने मीठ धुवायला निघालात तर एक मीठ काढून दुसरं बसवता. काचेच्या तुकड्यावर चमचाभर पाणी टाकून उन्हात वाळवून बघा. पांढरी कड राहिली तर ते पाणी पहिल्या धुण्याला वापरा, शेवटच्या नाही. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्त मिळतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, शेवटच्या धारेसाठी मी त्याहून बरंच कमी असलेलं पाणी बघतो. तेवढं नळाचं पाणी नसेल तर दोन बादल्या वेगळ्या राखून ठेवा आणि लगेच मायक्रोफायबरने पुसून घ्या. भांडी घासायचा साबणही नको, तो वॅक्स उतरवतो.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पर्यटनाच्या बोटीही वर. शाकारून ठेवायची आपली जुनी रीत चांगली होती, झावळ्यांतून वारा खेळायचा. आता निळी ताडपत्री घट्ट आवळतात. ती वाऱ्याने फडफडून जेलकोट घासते आणि आतली वाफ कोंडते, ऑगस्टमध्ये उघडावं तर सीटवर काळी बुरशी. मधोमध आडवा बांबू घालून ताडपत्री उतरती करा, पुढचं-मागचं तोंड उघडं ठेवा, गाद्या घरी न्या, तळाची बुचं काढून ठेवा. बुरशीवर ब्लीच मारलं तर सीट पांढरी होते, पण पुढच्या मोसमात शिवण उसवते, दोरा कुजलेला असतो.

तळाच्या रंगाबद्दल अजूनही कोणी कोणी विचारतं की पूर्वीचा तो जालीम रंग मिळेल का. त्यात ट्रायब्युटिल टिन असायचं. आंतरराष्ट्रीय करारानुसार १७ सप्टेंबर २००८ पासून त्याला बंदी आहे, कारण शंख-शिंपल्यांचं प्रजनन त्याने बिघडत होतं. हल्लीचे रंग बहुतेक तांब्याचे. त्यांतले जे हळूहळू झिजणारे असतात त्यांना बोट चालती लागते. आठवडेच्या आठवडे नांगरावर उभ्या बोटीला चांगल्या रंगावरही शिंपले धरतात, त्यात रंगवाल्याची चूक नसते. आठवड्यातून एकदा तरी फेरी मारा.

काम देताना दराआधी मी सांगतो ते विचारा. कंपाउंड करणार की नुसतं पॉलिश? अल्कोहोलचा पट्टा दाखवणार का? मिशी काढल्यावर वॅक्स धरलंय का? शेवटचं पाणी कुठलं? आणि धुतलेलं पाणी कुठे जाणार? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. तांब्याचा खरवडलेला रंग आणि ॲसिडचं पाणी उतारावरून थेट खाडीत जातं. चिखलीच्या खाडीत अजून ते चपटे, पारदर्शक शिंपले आहेत, जे आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी लावलेले असत. तळ पाण्यात असताना खरवडू देऊ नका. बोट वर काढा, खाली ताडपत्री अंथरा, खरवड गोळा करून गोणीत भरा. ॲसिड सोड्याने निवल्यावरच पाणी सोडा, आणि तेही ओहोटीच्या काठावर नको, वरच्या कोरड्या जागेत. जो क्लीनर याला नाही म्हणतो त्याला मी माझी बोट देणार नाही.